फुटबॉलचा कोच आणि सकाळची एसटी

मी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला तो दोनदा. एकदा तो गटारात पडत होता म्हणून, आणि दुसऱ्यांदा भोरच्या कॉलेजच्या मैदानावर, मी ज्या संघाचा कोच होतो त्याच संघासमोर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हीही प्राचार्यांसारखे फसाल.

मी मूळचा कोल्हापूरचा. आठवीत गणितानं दुसऱ्यांदा हात दाखवला, शाळा सुटली, आणि आमच्या पेठेच्या तालमीत चेंडू सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हाचा चेंडू चामड्याचा. आत रबरी ब्लॅडर. त्यात पंपानं हवा भरायची, नळी दुमडून बांधायची, आत सरकवायची आणि वरून दाभणानं लेस ओवून तोंड आवळायचं. लेसची गाठ वर राहिली तर हेडिंग करणाऱ्याच्या कपाळावर वळ उठतो. माझ्या हातच्या चेंडूनं कुणाच्या कपाळावर वळ उठला नाही, एवढीच माझी फुटबॉलमधली कामगिरी. खेळायला उतरायची छाती झाली नाही. तिथले खेळाडू एकमेकांच्या नडग्या फोडत, आणि मला माझ्या नडग्या आवडत होत्या.

मावशीचे यजमान भोरच्या एसटी डेपोत होते. त्यांनी मला बोलावून घेतलं, कॉलेजात जिमखान्याचा शिपाई म्हणून चिकटवलं, आणि वर्षाच्या आत त्यांची बदली झाली. मी मागे राहिलो. राहायला जिमखान्याचीच खोली, भाले आणि लेझमांच्या शेजारी माझी वळकटी. नोकरी तात्पुरती. टर्म संपली की प्राचार्य "राहू दे अजून" म्हणायचे, आणि ते कानावर पडेपर्यंत मला घास गिळवत नसे. परक्या गावात छप्पर आणि काम दोन्ही एकाच माणसानं दिलेलं असलं की त्याच्या चपलांचा आवाजसुद्धा ओळखता येतो.

याच प्राचार्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "कोल्हापूरचा? मग फुटबॉल खेळत असशील."

मी मान हलवली. आडवी हलवायची होती, ती उभी हलली. पुढे दोन वर्षं ती दुरुस्त करायचा धीर झाला नाही.

प्राचार्यांना फुटबॉलचा नाद होता असं नाही. त्यांचा हिशेब साधा होता. कबड्डीला गावोगावचे संघ, तिथं आमचा निभाव लागणं अवघड. फुटबॉलला मात्र आमच्या विभागात संघच थोडे. दोन सामने जिंकले की कपाटात कप. म्हणून उताराच्या मैदानावर गोलपोस्ट रोवले गेले. वरच्या बाजूनं मारलेला चेंडू गोलात गेला नाही तर थेट नीरेकडे निघायचा. मग मी मागे.

आणि अशात आमचे खेळाचे सर पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजात निघून गेले. स्पर्धा दोन महिन्यांवर. प्राचार्यांनी पेपरात जाहिरात दिली. एक गृहस्थ आले, ते योगासनं शिकवत. एक वस्ताद आले, त्यांनी फुटबॉल हातात घेऊन वजन पाहिलं. तिसरे खरेखुरे कोच होते. त्यांनी मैदान पाहिलं, नदीकडे पाहिलं, आणि आले त्याच गाडीनं परत गेले. गाडी अजून वळलीसुद्धा नव्हती.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "कुणी मिळेपर्यंत पोरांना तू बघ."

"सर, मला जमणार नाही."

"कोल्हापूरच्या माणसानं असं म्हणायचं नसतं."

त्या दिवसापर्यंत पोरं मला मामा म्हणत. कॉलेजच्या शिपायाला मामा म्हणायचं, मग तो त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठा का असेना, ही रीतच. दुसऱ्या दिवशी मी गळ्यात शिट्टी घालून उभा राहिलो आणि ती मला सर म्हणाली. मी मागे वळून पाहिलं, कोण सर आलेत ते.

मी त्यांना पळायला लावलं. दुसरं काही येतच नव्हतं. थकतील, घरी जातील, असा बेत होता. पण ही आंबवड्याकडची, हिर्डोशीकडची पोरं. शाळेला म्हणून रोज डोंगर उतरलेली. टेकडीला वळसा घालून यायची आणि विचारायची, "सर, आता?" मी म्हणायचो, "अजून एकदा." मी स्वतः चेंडूला पाय लावत नाही हे एकाच्या ध्यानात आलं. मी त्याला सांगितलं, कोचनं चेंडूला पाय लावायचा नसतो, शिस्त असते. त्यानं ते बाकीच्यांना सांगितलं. माझा मान वाढला.

इतका वाढला की बातमी वेल्ह्याला पोचली. तिथल्या हायस्कूलचे हेडमास्तरही आमच्या प्राचार्यांसारखाच हिशेब करून बसले होते आणि त्यांनाही कोच हवा होता. त्यांनी आपले चित्रकलेचे मास्तर माझ्याकडे धाडले. मास्तर मैदानाच्या कडेला उभे राहिले, पोरांचं पळणं बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"आमच्याकडं या. राहायला शाळेमागं खोली हाय. दूधदुभतं मुबलक."

"मास्तर, मला खरंच काही येत नाही."

त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "समजलं. तुमी इचार करा."

तेवढ्यात प्राचार्यांना कुणीतरी सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला खुर्ची मिळाली. मी त्या खुर्च्या रोज पुसत होतो, बसलो कधी नव्हतो. चहाही आला, ग्लासातून नव्हे, कपबशीतून. मी प्राचार्यांना म्हणालो, "सर, वेल्हेवाल्यांना मी नाही म्हणून सांगितलंय. आणि तुम्हालाही सांगतो, या कामाला मी लायक नाही." त्यांनी कारकुनाला बोलावून माझा कायम करण्याचा अर्ज तयार ठेवायला सांगितलं. मी जितकं खरं बोलायचो तितकी माझी किंमत चढायची.

पुढच्या आठवड्यात हिर्डोशीच्या एका पोरानं वर्दी दिली. त्यांच्या गावात एक हवालदार पलटणीतून पेन्शनीत आले होते आणि पलटणीच्या संघात अनेक वर्षं खेळले होते. प्राचार्यांनी लगेच पत्र लिहिलं. "तूच जा. खेळाडूचं बोलणं खेळाडूलाच कळतं. आणि आपला चेंडू सोबत ने, तेवढाच त्यांना विश्वास."

मी रात्रभर कूस बदलत होतो. हवालदार आले तर पाच मिनिटांत माझं बिंग फोडणार. नाही आले तर मलाच संघ घेऊन स्पर्धेला जावं लागणार, आणि तिथं सगळ्यांदेखत ते फुटणार. दोन्हीकडून वळकटी गुंडाळायची ती मलाच.

सकाळच्या एसटीत चढलो तर समोरच्या बाकावर चित्रकलेचे मास्तर.

"काय, कुणीकडं?" ते म्हणाले.

"भाताचं बियाणं बघायला," मी म्हणालो. मांडीवर पिशवीत फुटबॉल होता. "तुम्ही?"

"देवदर्शन."

आम्ही एकाच थांब्यावर उतरलो. पुढची चाल पायीच होती. ते पुढे, मी मागे. मी थांबलो की तेही चप्पल झटकायला थांबत. गावाच्या तोंडाशी एक म्हातारी वाळवणाची राखण करत बसली होती. मास्तरांनी तिला हळूच विचारलं, "आजी, हवालदारांचं घर कुठं?" ती मोठ्यानं म्हणाली, "ह्ये मागचं बी तिकडंच निघाल्यात का?"

हवालदार अंगणात शेणी रचत होते. ताठ, मिशीवाले, आणि चालताना डावा गुडघा जरासा वाकडा. त्यांच्या पत्नीनं आम्हाला पाणी दिलं, घोंगडीवर बसवलं. मास्तरांनी झट्‌कन पिशवीतून शाल, नारळ आणि त्यांच्या हेडमास्तरांचं पत्र काढलं. मीही पत्र काढलं. मग मास्तरांना आठवलं की मीही त्यांना हवाच आहे.

"हवालदार, ह्ये कोल्हापूरचे खेळाडू. तुमी दोघं बी वेल्ह्याला चला. दोघांची सोय करतो."

हवालदारांनी माझ्या पायांकडे पाहिलं. नडग्यांकडे. त्या दोन्ही गुळगुळीत होत्या.

"कुठल्या जागेवर खेळायचास?"

मला बॅक, हाफ, फॉरवर्ड हे शब्द ठाऊक होते. एक बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता. म्हणून मी म्हणालो, "सगळीकडं."

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "मैदानात सगळीकडं दोघंच असत्यात. एक रेफरी आन दुसरा चेंडू. तू कोन?"

मास्तर हसले. हवालदार हसले नाहीत. मी तिथंच सगळं सांगून टाकलं. तालीम, दाभण, ब्लॅडर, मान उभी कशी हलली ते, तीन आठवडे पोरांना नुसतं पळवलं ते. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की हवालदारांच्या पत्नी जात्याजवळून उठून जवळ येऊन बसल्या.

"वेल्ह्याला येनार नव्हतास ते यामुळं व्हय?" मास्तर म्हणाले. "मी हेडमास्तरांना सांगितलं, गडी लई भाव खातोय."

हवालदारांनी हात पुढे केला. मी पिशवीतून चेंडू काढून दिला. त्यांनी तो फिरवला, लेसवरून अंगठा नेला, परत नेला, कपाळाला टेकवून बघितला.

"ह्यो कुणी आवळला?"

"मी."

चेंडू मांडीवर ठेवून त्यांनी दोन्ही पत्रं वाचली, एकदा आमचं, एकदा वेल्ह्याचं. मग पत्नीकडे पाहिलं. त्या आत गेल्या, तेही आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "भोरला येतो. सोमवारपासनं. चेंडू मातर ह्येनंच आवळायचा."

मास्तरांनी शाल घडी करून पिशवीत ठेवली. नारळ तेवढा राहू दिला. नाचणीची भाकरी खाऊन आम्ही दोघं एकाच वाटेनं परत निघालो. वाटेत ते म्हणाले, "वेल्ह्याला चेंडू आवळनारा बी न्हाई बरं का." मी यावेळी मान आडवीच हलवली, नीट लक्ष देऊन.

सोमवारी हवालदारांनी सगळ्या पोरांना गोलासमोर रांगेत उभं केलं आणि मला म्हणाले, "मार एक." मला कळलं, ते माझी अब्रू घेत नव्हते, मला मोकळं करत होते. मी मारलेला चेंडू गोलपोस्टच्या बराच बाजूनं, अगदी सावकाश, नीरेकडे निघाला. कुणी हसलं नाही. मग एक पोरगा म्हणाला, "मामा, थांबा, मी आनतो." सगळी हसली, आणि त्यांच्यात मीही.

वरच्या खिडकीत प्राचार्य उभे होते. थोड्या वेळानं बोलावणं आलं. मी खोलीतली वळकटी बांधूनच वर गेलो.

"तू कधी खेळला नव्हतास?"

"नाही सर."

"मग तीन आठवडे त्यांना काय शिकवलंस?"

"पळायला."

"ते त्यांना येतं." ते कागद चाळू लागले. "हवालदार म्हणतात, पोरांचा दम चांगला आहे. आणि चेंडू तूच आवळायचा, अशी त्यांची अट आहे. अट घालणारा कोच मला पहिल्यांदाच मिळालाय. त्याला मी नाही म्हणत नाही." त्यांनी तयार ठेवलेला अर्ज पुढे सरकवला. कोच हा शब्द खोडून त्यावर जिमखाना शिपाई असं लिहिलेलं होतं. शाई ओली होती. मी सही केली तेव्हा माझ्या बोटालाही लागली. दोन दिवस मी ते बोट धुतलं नाही.

त्या वर्षी आम्ही पहिलाच सामना हरलो. पुढच्या वर्षी कप आला, कपाटात बसला. हवालदार बरीच वर्षं रोज सकाळी हिर्डोशीहून येत राहिले. मी खोली बदलली, लग्न केलं, आणि भोर माझं गाव कधी झालं ते कळलं नाही. या सगळ्याचं मूळ म्हणजे माझ्या हातची लेस, अशी माझी खात्री. नव्या पोरांना मी ही गोष्ट दर वर्षी सांगायचो. एका माणसासाठी दोन गावं भांडत होती आणि निकाल लावला तो एका गाठीनं, असा शेवट करायचो.

एकदा सुगीनंतर हिर्डोशीला हवालदारांच्या घरी गेलो होतो. जेवणं झाल्यावर त्यांच्या पत्नीसमोर, म्हणजे काकूंसमोरही मी तीच गोष्ट सुरू केली. त्यांनी ती पूर्ण ऐकली.

"कसली लेस?" त्या म्हणाल्या. "वेल्ह्याला जायाचं म्हंजी भोरला उतरून दुसरी यष्टी धरायची. मुक्कामच पडला असता. म्हसरांची धार कोन काढनार हुतं? आत गेल्यावर म्याच ह्येस्नी म्हनलं, सकाळी जाऊन सांजच्याला परत येनारी गाडी फकस्त भोरचीच हाय."

मी हवालदारांकडे पाहिलं. ते उंबऱ्याशी बसून शेंगा सोलत होते. बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर म्हणाले, "लेस बी चांगली हुती."