दसऱ्याला पेनड्राइव्हला लागलं कुंकू

हसणार नसाल तरच सांगतो. जाऊ दे, हसणारच तुम्ही. आमच्या चाळीचा अख्खा दुसरा मजला अजून हसतोय, तुम्ही तर बाहेरचे!

तर आमच्या लालबागच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. वय वर्षं दहा. चालू करून आंघोळ उरकावी, चहा प्यावा, तेव्हा कुठे हा डोळे किलकिले करणार. त्यात त्याने पडद्यावर नोटीस झळकवली, यापुढे अपडेट मिळणार नाहीत, नवीन मशीन घ्या. चाळीला रिडेव्हलपमेंटची नोटीस लागली त्याच महिन्यात! म्हटलं, म्हाताऱ्या, तू आणि चाळ ठरवून निघालात की काय?

मला काही त्याला टाकवेना. ऑफिसातला विनय म्हणाला, "अरे, लिनक्स घाल. फुकट असतं, जुन्या मशीनवर पळतं." आता माझं कॉम्प्युटरचं ज्ञान काय विचारता? बंद पडला की विनयला हाक मारायची, संपलं. पण त्यानेच पेनड्राइव्हवर लिनक्स भरून दिलं. घरी येऊन लावलं, तर समोर दोन पर्याय. एक, नुसतं वापरून बघा. दोन, मशीनवर कायमचं बसवा.

म्हटलं, आधी बघू तरी!

आणि काय सांगू, दोन मिनिटांत असा लख्ख पडदा उघडला, की मी "झालं, झालं!" करत गॅलरीत धावलो. दुसरा पर्याय दाबायचा राहिला, हे डोक्यातून साफ गेलं. एवढं फक्त लक्षात ठेवा.

शेजारचे सावंत काका बघायला आले. म्हणाले, "एवढं चांगलं आहे, तर फुकट कशाला वाटतात रे?"

"काका, जगात चांगली माणसं असतात," मी म्हणालो. चेहरा असा, की ते लिनक्स मीच रात्रंदिवस खपून बनवलंय.

बाबांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे 'इन्स्टॉल' असं चित्र कसलं रे इथे?"

"राहू द्या हो. नव्या शर्टाला लेबल असतं ना, तसं."

बाबा म्हणजे गिरगावातल्या छापखान्यात आयुष्यभर अक्षरं जुळवलेला माणूस. आणि या वर्षी त्यांच्यावर मोठं काम होतं. दसऱ्याला संध्याकाळी सगळा मजला गॅलरीत जमतो, एकमेकांना सोनं देतो. हा चाळीतला शेवटचा दसरा. दिवाळीनंतर कोण कुठे जाणार, देव जाणे. म्हणून ठरलं, की बाबांनी मजल्यावरच्या वीसही खोल्यांची एकेक आठवण लिहायची आणि त्या संध्याकाळी वाचून दाखवायची. बाबा आठ दिवस टाइप करत होते. येताजाता लोक खिडकीतून विचारायचे, "आमची खोली झाली का हो?"

"सेव्ह होतंय ना रे नीट?" बाबांनी दोनदा विचारलं.

"बाबा, लिनक्स आहे! हँग नाही, व्हायरस नाही, बंद करायची गरजच नाही. दसऱ्याला दुपारी खालून प्रिंट काढून आणतो, तोवर काय सुधारायचं ते सुधारा."

आणि खरंच आठ दिवस मी तो बंद करू दिला नाही. बढाई मारायला बरं पडत होतं ना! मेली वीजही एकदा गेली नाही.

उजाडला दसरा. मी स्टुलावर चढून दाराला झेंडूचं तोरण बांधत होतो. आत आईची यंत्रांची पूजा चाललेली. विळी झाली, कातर झाली, शिलाई मशीन झालं. मग कॉम्प्युटरची पाळी. मी सहज वळून बघतो, तर पाटावर पेनड्राइव्ह! त्याला हळद, त्याला कुंकू, वर एक झेंडू!

"आई! तो कशाला काढलास?"

"अरे, तूच सांगत होतंस मा, सगळा नवीन ह्याच्यातसून इला? मगे ह्या जुन्या डब्याक कुंकू लावून काय करतलंय?"

पडदा थिजला होता. मला अजून घमेंड! म्हटलं, काही होत नाही. बटण दाबून बंद केला, परत चालू केला. दहा मिनिटांनी डोळे किलकिले करत वर आलं ते आमचं जुनं विंडोज. नोटिशीसकट!

आईने हात जोडले. "बघ रे, पूजा पावली! जुनो परत इलो!"

बाबांची फाइल मात्र कुठेच नव्हती. मी विनयला फोन लावला. तो श्रीखंड-पुरीवर बसलेला.

"कायमचं बसवलं होतंस ना?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

पलीकडे पुरी चावायची थांबली. "अरे, आठ दिवस तू नुसतं वापरून बघत होतास? ते सगळं पेनड्राइव्हवरून चाललं होतं! बंद झालं की आतलं सगळं पुसलं जातं."

आईला जे आठ दिवसांपूर्वी कळलं होतं, ते मला तेव्हा कळलं. सगळं त्याच्यातच होतं!

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. खोटं कशाला सांगू, मला रडूच फुटलं. पंचेचाळिसाव्या वर्षी, हातात तोरण घेऊन! माझ्यामुळे चाळीचा शेवटचा दसरा फुकट जाणार होता.

संध्याकाळी गॅलरी गच्च भरली. बाबा रिकाम्या हाताने उभे राहिले आणि बोलायला लागले. एक नंबरच्या खोलीपासून. कुणाचा पाळणा, कुणाचं भांडण, कुणाचा दहावीचा निकाल, सगळं तोंडपाठ! लोक हसत होते, डोळे पुसत होते. आमची सतरा नंबरची खोली आली आणि बाबांनी सकाळचा हा किस्सा सांगितला. शर्टाच्या लेबलासकट! पोरंटोरंसुद्धा लोळली.

सगळे पांगल्यावर मी बाबांना सोनं दिलं, पाया पडलो. हळूच विचारलं, "बाबा, हे तर आज घडलं. फाइलमध्ये आपल्या खोलीचं काय लिहिलं होतं?"

"तुझं कौतुक. चांगली दोन पानं."

"अहो, मग ते सांगायचं ना! एकोणीस खोल्यांचं तोंडपाठ होतं तुम्हाला!"

बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"ते जरा कठीण होतं रे. तीन दिवस लागले होते आठवायला."