खंडेनवमीचा संगणक

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. विसरलो म्हणून नाही. सांगितली असती तर माझी अब्रू गेली असती, एवढंच कारण. निवृत्तीच्या दिवशी शाल देताना लोकांनी माझ्या चोख नोंदींचं कौतुक केलं, तेव्हाच मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी मान खाली घालून ऐकत राहिलो आणि लोकांना तो माझा विनय वाटला. त्या विनयाची मला आजही चीड येते.

तापीकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात मी मुख्य लिपिक होतो. सगळे भाऊसाहेब म्हणायचे. संगणक शिकवायला एक तरुण शिक्षिका होती. तळोद्याच्या वर पहाडातलं तिचं गाव. घरी पावरी बोलायची, शाळेत आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी. नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची. दिवाळीनंतर तिला कायम करायचं की नाही हे संस्थेची समिती ठरवणार होती. ती नोकरी तिला किती हवी होती हे मला पक्कं ठाऊक होतं. धाकट्या बहिणीला शिकण्यासाठी तिने डोंगरातून खाली आणून स्वतःच्या खोलीत ठेवलं होतं. नोकरी गेली की दोघी परत वर.

दोन वर्षं खपून तिने शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं संगणकावर उतरवली होती. तो संगणक आता मोडकळीला आला होता. म्हणून तिने नंदुरबारहून सुटे भाग आणले आणि माझ्या शेजारच्या टेबलावर स्वतःच्या हाताने नवा जोडला. जुन्या संगणकाची डिस्कही त्यालाच लावून ठेवली, नोंदी नव्यावर घ्यायच्या म्हणून.

खंडेनवमीच्या सकाळी तो सुरू झाला, पण पडद्यावरच्या यादीत पाच-सहा पिवळी चिन्हं होती. तिने मला नीट समजावलं. आतल्या प्रत्येक भागाला त्याचा त्याचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे त्या भागाकडून काम कसं करून घ्यायचं हे संगणकाला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. तो नसला की असं चिन्ह येतं. मदरबोर्डवरचा नंबर पाहून तिने ड्रायव्हर उतरवून आणले होते आणि वहीच्या पानावर यादी केली होती. आधी चिपसेट, मग नेटवर्क, मग आवाज, शेवटी ग्राफिक्स. खाली दोन नावं लिहून त्यांच्यापुढे ‘टाकू नये’ असं ठळक लिहिलं होतं.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष केळीच्या मळ्यातून थेट ऑफिसात आले. सोबत नारळ, हळदकुंकू. अवजारांबरोबर नव्या संगणकाचीही पूजा करायची होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

“हाई पिवळं पिवळं काय शे, भाऊसाहेब? मशीनले कावीळ व्हयनी का?”

शिपाई फिदीफिदी हसला.

“थोडे ड्रायव्हर बाकी आहेत, आप्पा,” ती म्हणाली. “एकेक टाकून बघावं लागतं. पूजा झाल्यावरही चालेल.”

“अर्धी मशीनले कोनी नारळ फोडस का? तुले येस का हाई, का शहाद्याना मिस्त्री बलाऊ?”

“येतं मला.”

“मंग दुपारले येस मी. तवपावत सम्दं चालू पाहिजे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ध्यान ठेवा भाऊसाहेब. पहाडनी पोर शे, घाबरी जाई.”

ती घाबरली नव्हती. घाबरलो होतो मी. तिचे मधल्या सुट्टीपर्यंत सलग तास होते, ती वर्गावर गेली. जाताना म्हणाली, “भाऊसाहेब, याला हात लावू नका. आल्यावर मी करते.”

‘हात लावू नका.’ तीस वर्षं ज्या ऑफिसची किल्ली माझ्या कमरेला, तिथे काल आलेल्या पोरीने मला हे सांगावं? असा माझा विचार होता. आज लिहिताना माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

माझ्या भाच्याने मला एका पेनड्राइव्हवर सगळ्या ड्रायव्हरांचा एकत्र पॅक दिला होता. तिची यादी समोर होती. मी ती वाचली. वाचली नव्हती असं आता म्हणणार नाही. पॅक उघडला, समोर पन्नासेक चौकोन आले, आणि मी ‘सगळे निवडा’ वर दाबलं. लग्नाच्या पंगतीत वाढपी वाढतो तसं. राहून काही जायला नको, आप्पांना एकही पिवळं चिन्ह दिसायला नको.

संगणक बंद होऊन सुरू झाला आणि पडदा निळा. पुन्हा सुरू केला, पुन्हा निळा. मी मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, “फॉरमॅट करना पडी, सम्दं पुसाई जाई. दोन्ही डिस्क करू का?” मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, “कर.” शिक्षिका वरच्याच मजल्यावर होती. तिला हाक मारली असती तर नोंदी वाचल्या असत्या. मी हाक मारली नाही.

ती खाली आली तेव्हा मी सांगितलं, तुझ्याच यादीतले ड्रायव्हर टाकले; मिस्त्रीचं नाव काढलं नाही. दुपारी नारळ फुटला. पडदा स्वच्छ होता. संध्याकाळी तिने जुनी डिस्क उघडली तर आत काहीच नव्हतं.

समितीच्या बैठकीत आप्पांनी विचारलं, संगणकावर कोण बसलं होतं? मिस्त्रीला साक्षीला कुणी बोलावलंच नाही. शिपाई माझ्याकडे बघत राहिला आणि मग जमिनीकडे. ती म्हणाली, “जोडला मीच. ड्रायव्हरही मीच आणले होते. पण असं व्हायला नको होतं.” कुणीतरी म्हणालं, पहाडातल्या लोकांना कुठे जमतंय हे. एकानेही त्याला गप्प केलं नाही. इतिवृत्त मी लिहीत होतो. माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘संगणक शिक्षिकेने चुकीचे ड्रायव्हर टाकल्यामुळे शाळेच्या नोंदी नष्ट झाल्या. नेमणूक पुढे चालू ठेवू नये.’ तिच्या यादीचं पान मी घरी नेऊन चुलीत घातलं. फाइलमध्ये ते राहिलं असतं तर कुणीतरी वाचलं असतं.

ते इतिवृत्त खोटं आहे. शाळेत आजही असेल तर त्यावर हे लिहून ठेवावं: पॅक मुख्य लिपिकाने टाकला, आणि दोन्ही डिस्क पुसायलाही त्यानेच सांगितलं.

गेल्या वर्षी कळलं की ती तळोद्यात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते. हयातीचा दाखला शहाद्यातच मिळाला असता, पण मी मुद्दाम तळोद्याला गेलो. वाटेत वाक्य पाठ करत होतो.

तिने ओळखलं. खुर्ची पुसून दिली. “बसा भाऊसाहेब. अंगठा इथे ठेवा. दाबू नका, नुसता टेकवा.” म्हाताऱ्या बोटांचा ठसा उमटेना. तिने माझा अंगठा ओल्या फडक्याने पुसला आणि पुन्हा टेकवला.

दाखला निघत असताना म्हणाली, “एक विचारू? तेव्हा चिपसेटचा ड्रायव्हर मी चुकीचा उतरवला होता का हो? अजून कळत नाही कुठे चुकलं. त्यानंतर मी नवं मशीन कधी जोडलंच नाही. भीती वाटते.”

दुकानात आम्ही दोघंच होतो. तिची बोटं कीबोर्डवर थांबली होती.

मी म्हणालो, “जुनं झालं ते, बेटा. कोण लक्षात ठेवतंय.”

दाखला घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर आलो. पहाडाकडे जाणाऱ्या जीपा भरत होत्या. तिथे उभं राहून मी ते वाक्य मनात पूर्ण म्हटलं: पोरी, तुझी यादी बरोबर होती, चूक मी केली, तुझ्या नावावर मीच लिहिली, मला माफ कर. एकही शब्द अडखळला नाही. दुकान वीस पावलांवर होतं. मी शहाद्याची गाडी धरली.