साहेबांच्या जर्मन कॅमेऱ्यातला चंद्र

“बुद्धपौर्णिमेच्या फेरीचे हे दुर्मीळ छायाचित्र साहेबांनी आपल्या जर्मन रेंजफाइंडर कॅमेऱ्याने टिपले. शुभ्र लुगड्यांभोवतीची मऊ प्रभा आणि उजव्या कोपऱ्यातला पूर्ण चंद्र पाहावा. स्वस्त कॅमेऱ्याला ही किमया साधत नाही.”

रायपुरात, शंकर नगरातल्या आमच्या मंडळाच्या सभागृहात जुन्या फोटोंचे प्रदर्शन भरले आहे आणि तेथे एका चौकटीखाली ही पाटी लावली आहे. तीन वाक्ये आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. तो फोटो साहेबांनी काढला नाही, जर्मन कॅमेऱ्याने काढला गेला नाही आणि त्यात चंद्र नाही. तो मी काढला आहे. मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण माझी स्मृती निवृत्त झालेली नाही.

साहेब म्हणजे त्या काळचे आमच्या कारखान्याचे इंजिनियर. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. फिल्म धुणे, कागदावर फोटो उतरवणे हे मला त्यांनीच शिकवले; आपल्या बंगल्यातली अंधारखोली मला वापरू दिली. पाटी त्यांनी लिहिलेली नाही. ते आता हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव समता कॉलोनीत दवाखाना चालवतात आणि वडिलांचा कॅमेरा त्यांनी रुग्णांच्या बाकासमोर काचेच्या पेटीत ठेवला आहे. मजकूर त्यांचा, आणि मंडळाच्या सचिवांनी कोणालाही न विचारता तो छापून टाकला.

रेंजफाइंडर ज्यांनी हाताळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. या कॅमेऱ्यात भिंगातून पाहायचे नसते, शेजारच्या लहानशा खिडकीतून पाहायचे असते. तेथे माणूस दुहेरी दिसतो. कडी फिरवत जावे, दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस साधला. साहेबांचा कॅमेरा या कामात अप्रतिम होता, हे मी नाकारत नाही. भिंग कोपऱ्यापर्यंत धारदार, फिल्म पुढे सरकवताना हाताला खरखर लागत नसे, आणि खटका दाबला तर शेजारी बसलेल्याला कळत नसे. मात्र तो कॅमेरा चामड्याच्या पेटीत असे. वैशाखातल्या रायपूरच्या धुळीत साहेबांनी तो बाहेर काढल्याचे मी एकदाही पाहिले नाही. आणि आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, तर ते स्वतःही कधी आले नाहीत.

माझा कॅमेरा रशियन होता. भिलाईत त्या काळी रशियन तंत्रज्ञ असत. मायदेशी परतताना ते सामान विकून जात. तसा तो माझ्याकडे आला. जर्मन नमुन्यावरूनच बेतलेला, पण घडण ओबडधोबड. खटका असा वाजे की रस्त्यावरची म्हैस मान वळवून पाही. आणला तेव्हा त्याच्या दोन प्रतिमा एकमेकींना भेटतच नव्हत्या. मी तो उघडला, कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरून आतला स्क्रू हळूहळू फिरवला, भिंगाखाली सिगारेटच्या पाकिटाच्या कागदाची चकती कापून बसवली, आणि तीन रविवारांनी टाकी एकटी दिसू लागली. महागड्या कॅमेऱ्यात हे काम कारखान्यात कोणीतरी करून ठेवलेले असते. स्वस्तात ते आपल्याला करावे लागते. फरक आहे तो एवढाच, आणि तो मला कधी कमीपणाचा वाटला नाही.

त्याचा एक नियम होता: आधी फिल्म पुढे सरकवायची, मगच वेगाची चकती फिरवायची. क्रम उलटला तर आतले दाते बिघडत. म्हणून एक फोटो काढला की लगेच पुढच्यासाठी फिल्म सरकवून ठेवायची, अशी सवय मी हाताला लावून घेतली. हा क्रम पुढे उपयोगी पडणार आहे.

या वादात मी इतका का पेटलो, हेही सांगतो. हा कॅमेरा मी नातीला दिला होता. ती कॉलेजात शिकते. सहा महिने तिने तो गळ्यातून काढला नाही. गोल बाजार, बूढा तालाब, सिलतऱ्याची धुराडी, सगळे त्यातून पाहिले. त्याचे भिंग काढून, एक कडी लावून, ती ते आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावरही बसवायची. प्रदर्शन पाहून आली आणि दुसऱ्या दिवशी मला तो कॅमेरा कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या उशीच्या खोळीत गुंडाळलेला सापडला.

“काहून ठेवलास वर?” मी विचारले.

“वहाँ लिखा तो है, आबा. ऐसा फोटो इसमें आता ही नहीं.”

“अन् ज्यानं लिहिलं त्याले काय समजते?”

“डॉक्टर हैं वो.”

“डॉक्टर आहे तर ताप पाहावा.”

ती हसली नाही. मी तिला समजावून सांगितले, की जुने जपानी रेंजफाइंडर अजून मिळतात, चिनी बनावटीची नवी भिंगे मिळतात, आणि आपले हे रशियन भिंग तर हातात आहेच. जर्मनीवाचून कोणाचे काही अडत नाही. ती शांतपणे म्हणाली, “सब जुगाड़ है, आबा. असली चीज़ तो वही है. मैं छोड़ रही हूँ.”

माझ्याच फोटोमुळे माझी नात फोटो काढणे सोडणार होती! हे सहन करण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.

मी सभागृहात गेलो. नातीलाही बळेच बरोबर नेले. सचिव खुर्च्या मांडत होते आणि योगायोगाने डॉक्टरही पाहुण्यांना घेऊन आलेले होते. मी पाटीवर काठी टेकवली आणि म्हणालो, की ही उतरवा.

“काका, एवढे काहून तापून राहिले? बसा ना. चहा सांगतो,” सचिव म्हणाले.

“चहा मंग. आधी हे सांग, पौर्णिमेचा चंद्र मावळते कवा?”

“सकाळी.”

“अन् आपली फेरी किती वाजता असते?”

“नऊले,” ते म्हणाले. दर पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्या माणसाला एवढे सुचू नये, याचे मला वाईट वाटले. पूर्ण चंद्र सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो. एक उगवला की दुसरा मावळतो. सकाळी नवाच्या आकाशात तो येणार कोठून?

डॉक्टर मात्र हटणारे नव्हते. “काकाजी, संध्याकाळी पण कार्यक्रम होत असेल ना? तेव्हाचा असेल. आणि ही जी चमक आहे बघा, ही बाबूजींच्या लेन्सची खासियत आहे.”

खासियत! मी त्यांना तेथेच सगळे ऐकवले. फोटोत माझी आई सर्वांत पुढे आहे, हातात पंचशील ध्वज. तिच्या आणि मागच्या बायांच्या पांढऱ्या लुगड्यांभोवती जी प्रभा दिसते, तो माझ्या भिंगाचा दोष आहे. सूर्य समोरून येत होता आणि भिंगावरचा लेप निकृष्ट होता, म्हणून पांढरे पसरले. साहेबांच्या भिंगाने लुगड्याची प्रत्येक चुणी वेगळी दाखवली असती. आणि आई कॅमेऱ्याकडे ज्या नजरेने पाहते आहे, त्या नजरेने तिने आयुष्यात कोणत्याही साहेबाकडे पाहिले नाही. साहेब समोर आले की ती पदर ओढून खाली पाही. तेव्हा ती मला ओरडत होती: “हट ना बाजूले, पोट्ट्या! आधी फोटू अन् मंग फेरी, असं हाय का रे?”

“माँजी रागावल्या आहेत, हे कबूल,” डॉक्टर हसून म्हणाले. “पण कोणावर, हे फोटोत थोडंच लिहिलंय? आणि हा चंद्र? बाबूजींनी स्वतः फोटोच्या मागे लिहिलंय, ‘चंद्र सुंदर आला आहे’. त्यांचंच अक्षर आहे.”

अक्षर त्यांचेच आहे. तो फोटो मी त्यांना भेट दिला होता. आणि येथे मला जे सांगावे लागले, ते मी चाळीस वर्षे कोणालाही सांगितले नव्हते.

फेरीच्या आदल्या दिवशी आम्ही विहाराला चुना लावत होतो. भर दुपारी मी कॅमेरा कट्ट्यावर ठेवला, भिंग आकाशाकडे, झाकण हरवलेले, आणि हात धुवायला गेलो. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. भिंगामागे थेट कापडी पडदा असतो, आणि त्याच्यामागे फिल्म. पोरे भिंगाने कागद जाळतात, तसा वैशाखातल्या सूर्याने माझ्या पडद्याला टाचणीच्या डोक्याएवढे भोक पाडले. मला पत्ता लागला नाही. त्या भोकातून ऊन आत जाई आणि फिल्मवर एक गोल ठिपका उमटवी. फिल्म सरकवून ठेवायची माझी सवय असल्यामुळे पडदा नेहमी एकाच स्थितीत असे; म्हणून ठिपकाही नेहमी एकाच जागी. रोल धुतला तेव्हा कळले. सायकलच्या ट्यूबला लावायच्या सोल्यूशनमध्ये काजळी कालवून मी ते भोक बुजवले, ते आजतागायत बुजलेले आहे.

साहेबांनी फोटो पाहून विचारले होते, “चंद्र आहे का रे हा?”

कारखान्यातला पहिल्या नंबरचा फिटर मी. स्वतःच्या हाताने स्वतःचा कॅमेरा जाळला, हे मला त्यांच्यासमोर सांगवले नाही. मी म्हणालो, “हो साहेब.” साहेब भले माणूस, त्यांनी विश्वास ठेवला. चंद्राची थाप माझी आहे. तिच्यावर कोणी दुसऱ्याने मालकी सांगू नये.

सचिवांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी मात्र घसा साफ केला. “काकाजी, राग मानू नका. पण असं भोक बाबूजींच्या कॅमेऱ्यात पण पडू शकतं ना? पडदा तर त्यात पण कापडाचाच आहे. तुमचाच कॅमेरा होता, हे कशावरून?”

प्रश्न बरोबर होता. म्हणूनच मी घरच्या भिंतीवरून एक चौकट उतरवून पिशवीत घालून नेली होती. ती मी नातीच्या हातात दिली आणि साहेबांच्या म्हणवल्या जाणाऱ्या फोटोशेजारी धरायला सांगितली.

त्याच सकाळची गोष्ट. फेरी आटोपून आम्ही घरी आलो. अंगणातल्या उन्हात एक फोटो काढून मी सवयीने लगेच फिल्म सरकवली, कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत ठेवून तेथे गप्पा मारत उभा राहिलो, आणि मग आत जाऊन रोलचा शेवटचा फोटो काढला. लुगडे तेच, कपाळावरची आठीही तीच. आई शेगडीसमोर बसून खिरीत पळी फिरवते आहे. मागे धुराने काळी पडलेली भिंत, वर लाकडी वासे आणि मातीच्या कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, छप्पर.

नातीने दोन्ही चौकटी कडेला कड लावून धरल्या. डॉक्टर चष्मा काढून पुढे वाकले.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात, कवेलूंच्या छपराखाली, वाशाला टेकून, उजव्या कोपऱ्यात त्याच जागी तोच पूर्ण चंद्र आहे.