घाट चढून आलेली बरणी

नाशिकच्या एका प्रदर्शनात लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या आणि स्कूटरच्या डिकीत टाकल्या. घरी येऊन पाहते तर एकीने डिकी पिवळीधमक करून ठेवलेली. दुसरी, कच्ची पपई-गाजर-मिरचीवाली, मात्र कोरडी ठणठणीत! तिच्यावर शहाद्याजवळच्या, तापीकाठच्या एका गावाचा पत्ता होता आणि फोन नंबर. कौतुक करायला फोन लावला. पलीकडून कोकिळाबेन म्हणाल्या, "ती बरणी घाट चढीसन ऊनी शे. तुमनी डिकी तिले काय करी?"

मला ओ की ठो कळलं नाही, म्हणून जायचंच ठरवलं. घरच्यांनी "लोणच्यासाठी शहादा?" म्हणत यथेच्छ खेचली.

सकाळच्या एसटीने धुळेमार्गे गेलात तर सहा-सात तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला फारसा त्रास नाही. जानेवारीत जा, उन्हाळ्यात जाण्याचा शहाणपणा करू नका. पुरुषोत्तमनगरच्या आसपास उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रखडली आणि मळीचा वास नाकात बसला. शहाद्यात साधी लॉज आहेत, पण कोकिळाबेननी ऐकलं नाही. घरीच नेलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत आणि वर मिरचीचा ठेचा वाढला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्या समाधानाने हसल्या.

कोकिळाबेन पन्नाशीच्या. घरची केळी-पपईची शेती. गावातल्या सात जणींना घेऊन मागच्या खोलीत लोणचं घालतात. खोलीत तीनशे बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या, सगळ्या सुरतेच्या एका व्यापाऱ्यासाठी. गेल्या हिवाळ्यात खोक्यातली एक बरणी वाटेत गळली, बाकीच्यांची लेबलं खराब झाली आणि त्याने अख्खा माल परत पाठवला. यंदा त्याने बजावलं होतं, एक जरी गळली तरी पुन्हा फोन करायचा नाही. शिवाय लग्नसराईच्या आधी हवं म्हणून घाई लावलेली. लोणचं चिनी मातीच्या मोठ्या बरण्यांत आठ दिवस मुरवतात, पण यावेळी त्यांनी दोन दिवस आधीच काचेच्या बरण्यांत भरलं होतं.

आता तो घाट. माल परत आला तेव्हापासूनची ही रीत: दर घाण्यातली एक बरणी घ्यायची, तिच्या गळ्याला पांढरं फडकं बांधायचं आणि वर सातपुड्यातल्या धडगावच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी ठेवायची. वर जाऊन ती त्याच दिवशी परत आली आणि फडकं कोरं राहिलं, तरच बाकीचा माल गाव सोडतो. या वेळी ती बरणी माझ्या मांडीवर दिली. मी ऐटीत बसले.

म्हसावद सोडलं आणि सातपुडा समोर उभा राहिला. मी सह्याद्रीची, डोंगराचं मला काय कौतुक, असा माझा तोरा होता. तो तिसऱ्या वळणावर उतरला. खाली सपाट, हिरवा खानदेश उन्हात पसरलेला, वर साग आणि मोहाची झाडं, डोंगरामागे डोंगर, आणि उतारावर एकेकटी घरं, शेजारापासून हाकेइतक्या अंतरावर. शेजारची पावरा आदिवासी आजी तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि माझ्या हातावर मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवले. जीपचं भाडं शंभराच्या आसपास, पण निघण्याआधी विचारून घ्या. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घड्याळ घरी ठेवा.

धडगावला चहा प्यायला उतरले आणि बरणीकडे पाहिलं. फडक्यावर रुपयाएवढा पिवळा डाग होता.

सात जणींचे चेहरे डोळ्यांपुढे आले. समोर हातपंप होता. मी तिथवर गेले आणि शेजारी चहा पिणाऱ्या ड्रायव्हर भिकाभाऊंना हळूच विचारलं, "एवढासाच आहे. धुऊन टाकू का?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "ताई, आठे तुम्ही धोशात. सुरतले कोन धोई?"

इथे मी धुईन, पण सुरतेला कोण धुणार? परतीचा घाट मी बरणी पोटाशी धरून उतरले. तेच डोंगर, पण मला त्या डागाशिवाय काही दिसेना.

कोकिळाबेन दारातच उभ्या होत्या. त्यांनी फडकं सोडलं, उजेडात धरलं, झाकणाशी कान नेला. "आजून उठी ऱ्हायनं," त्या म्हणाल्या. म्हणजे लोणचं अजून आंबत होतं, आतून झाकण ढकलत होतं. दोन दिवसांची घाई नडली होती. मला वाटलं, आता रडारड होईल. त्यांनी माझ्यासमोरच सुरतेला फोन लावला. "शेठ, माल नहीं आवे." पलीकडचा आवाज चढला, पुन्हा मुरवून भरायला लागणारे आठ दिवस थांबायला तो तयार नव्हता. "तो बीजेथी लई लो," त्या म्हणाल्या, दुसरीकडून घ्या, आणि फोन ठेवला. मग पदर खोचला. सात जणी आल्या, आणि लोणचं परत चिनी मातीच्या बरण्यांत ओतायला तीनशे झाकणं एकेक करून उघडली गेली. कोणी कोणाला दोष दिला नाही. मीही बसले उघडायला. हाताला मोहरीची आग होत होती आणि मला त्या बायकांच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण लाजले.

नाशिकला येऊन तीन आठवडे झाले. सुरतेचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. शहाद्यातली दोन दुकानं खोक्या-खोक्याने माल घेतात, एवढंच. गेल्या आठवड्यात एसटी पार्सलने माझ्या नावाने एक बरणी आली. गळ्याला पांढरं फडकं, अगदी कोरं. पत्र नाही, काही नाही.

डागाचं फडकं मी येताना मागून घेतलं होतं. दोन्ही आता स्वयंपाकघरात शेजारी टांगलीत. पाहुणे डागाचं का धूत नाही विचारतात. मी त्यांना सांगते, त्या दिवशी हातपंपापर्यंत माझे पाय गेलेच होते. गळकी बरणी मी कोरी करून परत नेली असती, आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं असतं की मी त्या बायकांना मदत केली.