अम्मा, देवी आणि इंदूवैनी

शेवटची भेट झाली तेव्हा इंदूवैनी पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि बंगळुराहून तिच्या नातीचा फोन आला होता. नातीच्या तान्ह्या मुलाला कांजिण्यांची लस द्यावी की देऊ नये, असा प्रश्न होता. डॉक्टरांनी म्हणे निर्णय आईबापांवर सोडला होता. घरातल्या सगळ्यांनी आपापलं मत दिल्यावर कुणाला तरी आठवलं की म्हातारीलाही विचारावं. वैनीने मत दिलं नाही, प्रश्न विचारले. "कांजिण्यांचीसुद्धा निघाली? कुठे टोचतात गं, दंडावर की मांडीवर? वण राहतो का? ... नाही राहत? मग आपल्याला टोचलंय हे त्याला मोठेपणी कळायचं कसं?" फोन खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "वन्सं, आपल्या वेळी ही असती तर केवढं भांडण वाचलं असतं." मी म्हटलं, "वाचलं नसतं. दोन लसी म्हणजे दोन भांडणं झाली असती." ती खोकला येईपर्यंत हसली.

मग एका सकाळी तिच्या मुलाचा, रघूचा, फोन आला. तो एवढंच म्हणाला, "आत्या, अम्मा गेली." मद्रासच्या इतर मुलांप्रमाणे तो आईला अम्माच म्हणायचा. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या दोन शब्दांपाशीच होते. कारण हेच वाक्य आमच्या घरात एकदा मोठ्या आनंदाने उच्चारलं गेलं होतं. तेव्हा रघू आठ महिन्यांचा होता आणि इंदूवैनी आतल्या खोलीत पडद्याआड पडलेली होती.

आम्ही तंजावरकडचे मराठी. आजोबांच्या वेळी मद्रासला आलो आणि वेस्ट मांबलममध्ये राहिलो. आमचं मराठी आमचे पूर्वज दक्षिणेत उतरले तेव्हा थांबलं आणि त्यानंतर त्याला लागलं ते तमिळ. घरात मोठी मंडळी अभिमानाने सांगत की आपण शुद्ध मराठी बोलतो. ही समजूत दादाचं लग्न होईपर्यंत टिकली. दादाला वाईची मुलगी सांगून आली. ती उंबरठा ओलांडून आत आली, दोन वाक्यं बोलली आणि आम्हा सगळ्यांना एकदम कळलं की आपल्याला मराठी येत नाही. तिलाही कळलं, पण ती हसली नाही. तिला नवल वाटलं. "याला तुम्ही काय म्हणता? आणि याला?" असं विचारत ती घरभर फिरायची. मी तेव्हा कॉलेजात होते. नणंदेला 'वन्सं' म्हणतात हे मला तिच्याकडून कळलं. तोवर मला वाटत होतं की ती माझं नाव विसरते आहे.

लग्नानंतरचं दुसरं वर्ष असेल. पाडव्याचे दिवस होते, म्हणजे मद्रासात नुसतं ऊन. समोर पार्वतीमामी राहायच्या, मद्रासात शेजारीण म्हणजे मामीच. त्यांच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लावलेले वैनीला दिसले. वाईच्या माणसाला पाडव्याच्या सुमाराला दारावर कडुनिंब दिसला की दुसरं काय वाटणार? या परमुलखात कुणीतरी आपल्यासारखं आहे, या आनंदात ती रस्ता ओलांडून गेली. दारात मामींची मोठी मुलगी उभी होती. ती म्हणाली, "अम्मा वंदिरुक्का." वंदिरुक्का म्हणजे आली आहे, एवढं तमिळ वैनीला आलेलं होतं. कुणाच्या मदतीवाचून तिला समजलेलं ते पहिलं संपूर्ण तमिळ वाक्य. मामींची आई माहेराहून आली आहे, असा तिने अर्थ लावला, घरी येऊन हळदकुंकवाची कोयरी आणि नारळ घेतला आणि पुन्हा गेली.

आमच्याकडे अंगावर फोड उठले की रोग झाला असं म्हणत नाहीत. अम्मा आली म्हणतात. देवी घरात उतरली, तिला राग येऊ नये, म्हणून दाराला कडुनिंब. पाहणाऱ्याने ओळखावं आणि बाहेरच्या बाहेर परतावं. इथे तर मराठी सून ओटीचं सामान घेऊन थेट आत! मामींचे डोळे भरून आले. एवढी भक्ती गल्लीत कुणी दाखवली नव्हती. त्यांनी वैनीला आतल्या खोलीत नेलं. तिथे कडुनिंबाच्या पाल्यावर त्यांची धाकटी मुलगी निजलेली होती, अंगभर फोड. मामींनी हळदकुंकू त्या मुलीच्या पायांशी वाहायला सांगितलं. वैनीने वाहिलं. नारळही ठेवला. मग घरी येऊन विहिरीवर डोक्यावरून पाणी घेत म्हणाली, "वन्सं, मी बहुतेक देवीची ओटी भरून आले."

पंधरवड्यानंतर देवीने परतभेट दिली.

वैनीला ताप आला, पाठीवर फोड उठले. आमच्या दारावर कडुनिंब चढला. तिची रवानगी आतल्या खोलीत झाली, मधे जुन्या साडीचा पडदा. स्वयंपाकात फोडणी बंद, कारण मोहरी तडतडली की अम्मा रागावते. रघूला आईपासून तोडून आमच्या हवाली केलं. तो वाटीतलं दूध थुंकायचा आणि पडद्याकडे बघून रडायचा. पलीकडून वैनी हाक मारायची, ती ऐकून तो जास्तच रडायचा. मग तिने हाक मारणं सोडलं.

खरी अडचण वेगळी होती. त्या उन्हाळ्यात शहरात थोरली अम्माही फिरत होती. थोरली म्हणजे माणसं नेणारा देवीचा रोग, धाकटी म्हणजे कांजिण्या. डॉक्टर आले, दारातूनच पाहिलं आणि म्हणाले, "बहुतेक धाकटी." वैनीला शाळेत असताना थोरलीची लस टोचलेली होती. रघूला टोचलेलं नव्हतं. दर वर्षी टोचणारा यायचा आणि आमची आई त्याला कॉफी पाजून परत पाठवायची. कॉफी उत्तम असायची, त्यामुळे तोही हट्ट धरायचा नाही.

पडद्याआडून वैनी म्हणाली, "बहुतेक म्हणजे किती? आणि थोरली निघाली तर? ... आई, ऐकताय ना? बाळाच्या देवी काढा. आजच."

आई दुधाची वाटी घेऊन तशीच पडद्यापाशी आली. "अगो, काय बोलतीस! देवी घरात बसलीय, आणि काढा म्हणतीस? तिला हाकलायची?"

मला हे सगळं तेव्हाच फार विलक्षण वाटत होतं. एकाच भाषेतली दोन माणसं, एकाच मुलाच्या जिवासाठी, एकाच शब्दावरून भांडत होती. वाईत टोचण्याला देवी काढणं म्हणतात. आमच्याकडे काढणं म्हणजे घराबाहेर काढणं.

आईची भीती पोकळ नव्हती. दादाच्या पाठचा माझा एक भाऊ होता. मी त्याला पाहिलेलं नाही. घरात काकूला अम्मा आलेली असतानाच कुणीतरी आग्रहाने त्याला टोचून घेतलं आणि तो आठवड्याभरात गेला. टोचल्यामुळे गेला की आधीच लागण झाली होती म्हणून गेला, हे आता कुणी सांगू शकणार नाही. तेव्हाही कुणी सांगितलं नाही. आईने मात्र त्यातून एकच गोष्ट उचलली होती, अम्मा घरात असताना सुई आत येता कामा नये. दादा कचेरीत ज्या पद्धतीने फायली हाताळायचा तीच त्याने घरी वापरली. विषय विचाराधीन ठेवला आणि सेतूमामांना बोलावलं.

सेतूमामा आईचे थोरले भाऊ, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. निसर्गोपचाराच्या एका मंडळाचे ते अध्यक्ष होते. मंडळात इतर सभासद किती होते हे कळलं नाही. एप्रिलच्या उन्हात बंद गळ्याचा कोट आणि फेटा घालून ते आले, दारावरचा कडुनिंब पाहून ओट्यावरच थांबले आणि तिथूनच भाषण सुरू केलं. लस म्हणजे वासराच्या अंगचं विष. ते निरागस बालकाच्या रक्तात घालणं हा मानवी स्वातंत्र्यावरचा घाला. त्याला उपाय म्हणजे ओल्या मातीच्या पट्ट्या. समोरच्या घरांतून माणसं ऐकायला बाहेर आली. मामांचा आवाज आणखी चढला.

पडद्याआडून वैनीचा आवाज आला. तापाने बसलेला, पण अगदी अदबीचा. "मामा, एक विचारू? कोट काढता का जरा?"

"काय?"

"उकडत असेल तुम्हाला. आणि दंड बघायचा होता. मला दिसणार नाही, वन्सं बघतील."

सून असं बोलली म्हणून आईने कपाळाला हात लावला. पण ओट्याखाली आता पार्वतीमामीही आल्या होत्या, आणि भाषण मराठीत चालल्यामुळे त्यांना आतापर्यंत काहीच रस नव्हता. कोट उतरणार म्हटल्यावर तो आला. मामांनी कोट काढला नाही, पण त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला. तेवढं पुरे होतं.

"लहानपणी टोचलेलं आहे," मामा म्हणाले. "मला कुणी विचारलं नव्हतं."

"बाळालाही विचारायला नको मग," वैनी म्हणाली.

मामांना कॉफी दिली. ती पिऊन, मातीच्या पट्ट्या किती वेळ ठेवाव्यात ते सांगून ते गेले. दादाला वाटलं, प्रश्न मिटला. प्रश्न मिटलेला नव्हता, कारण मामा हे काही आईच्या भीतीचं कारण नव्हते. ती पडद्यापाशी जमिनीवर बसली होती, रघू मांडीवर. ती म्हणाली, "माझा एक गेला गो, इंदू. तुझा गेला तर मी काय सांगू तुला?"

पलीकडे हालचाल झाली. वैनी पडद्याजवळ सरकली असावी. "काही सांगू नका. मी सांगितलं म्हणून केलंत, असं मीच सांगेन सगळ्यांना. ... आणि आई, काढायची म्हणजे घालवायची नव्हे हो. रांगोळी काढतो ना आम्ही, तशी. तुम्ही रांगोळी घालता, आम्ही काढतो. देवी दंडावर काढायची. तिला बसायला एक जागा नेमून दिली की ती तोंडावर, डोळ्यांत बसत नाही."

"म्हणजे बोलवायचीच?"

"बोलवायचीच. पण पाट आपण मांडायचा."

आई विचारात पडली. टोचणं या शब्दात तिला सुई दिसत होती आणि सुईच्या टोकाला तिचा गेलेला मुलगा. रांगोळीत तिला तो दिसला नसावा. दुसऱ्या दिवशी टोचणारा आला तेव्हा आईने त्याला कॉफी दिली नाही. त्याचे हात धुवायला पाणी दिलं, रघूला कुणाच्याही हातात न देता स्वतः मांडीवर घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. रघू किंचाळला. पडद्याआडून प्रश्न आला, "कुठला दंड?" आई डोळे न उघडता म्हणाली, "डावा."

पुढचे काही दिवस आईने रघूला खाली ठेवलं नाही. त्याला ताप चढला तेव्हा ती रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसली. वैनी पडद्याआडून सारखी विचारायची, "दूध घेतलं? रडतोय कसा, बारीक की मोठ्यांदा?" मोठ्यांदा म्हटलं की तिला बरं वाटायचं. दंडावरचा फोड पिकला, खपली धरली, ताप उतरला. मग त्याच्या पोटावर बारीक फोड आले. कांजिण्याच. म्हणजे वैनीच्याही कांजिण्याच होत्या. घरात थोरली कधी आलीच नव्हती, आणि रघूला टोचलेल्या लशीचा त्या धाकटीवर काडीचाही उपयोग नव्हता. मी पुस्तकात वाचून हे सर्वांना समजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. आईचं म्हणणं असं की दोघी बहिणी आल्या, थोरली मांडलेल्या पाटावर बसली म्हणून धाकटी अंगावर नुसती बागडून गेली. रघूला डोक्यावरून पहिलं पाणी घातलं तेव्हा आई दारातून पार्वतीमामींनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "अम्मा गेली!" आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने फोडणी केली. ती मोहरी तडतडली तेव्हा पडदा सरकवून वैनी बाहेर आली.

पुष्कळ वर्षांनी, आई गेल्यानंतर, मी वैनीला विचारलं होतं की देवी काढणं यातलं काढणं खरोखर रांगोळीतलं का. ती तांदूळ निवडत होती. "मला काय ठाऊक? त्या वेळी सुचलं. ... तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, तुम्हीच शोधा ना." मी शोधलं. नक्की काही हाती लागलं नाही, आणि लागलं नाही याचं मला वाईटही वाटलं नाही.

तेराव्याला मी रघूकडे गेले होते. तो आता सेवानिवृत्त इंजिनियर, केस पांढरे, पोट सुटलेलं. भटजी तमिळ वळणाचं संस्कृत म्हणत होते, बरंचसं माणसांपेक्षा व्हिडिओ काढणाऱ्याकडे बघून. मधेच ते म्हणाले, "अपसव्य." रघूने जानवं आणि उपरणं उजव्या खांद्यावर घेतलं आणि त्याचा डावा दंड उघडा पडला. वण तिथे होता. मुलाबरोबर वाढून रुपयाएवढा झालेला, कडा थोड्या विरलेल्या, मधे बारीक खळगे. त्याच्या आईने तो काढला जात असताना पाहिला नव्हता, फक्त ऐकला होता. माझ्या आईने मांडीवर धरूनही पाहिला नव्हता. पाहणारी मी एकटी होते. मी चष्मा पुसला आणि पुन्हा नीट पाहिला. मग भटजींनी "सव्य" म्हटलं, रघूने उपरणं परत डाव्या खांद्यावर ओढून घेतलं आणि आचमनासाठी हातावर पाणी घेतलं.