अप्पांच्या पाठीमागचा खांब

जुन्या इमारती मोजून पोट भरणारी आमच्या घराण्यात मी एकटीच. गावाकडं 'मोजणी' म्हटलं की लोकांना बांधावरची भांडणं आठवतात, म्हणून वडील, म्हणजे आमचे अप्पा, चारचौघांत सांगतात, 'पोरगी देवळांचे फोटो काढती.' फोटो नव्हे, हे सांगून मी थकले. तिपाईवरचं मशीन स्वतःभोवती फिरतं, भिंतींवर, खांबांवर लेझर टाकतं आणि तो जिथं टेकेल तिथला एकेक ठिपका टिपतं. ठिपके जुळले की कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी राहते, आतबाहेर फिरून बघता येते. पण अप्पांना कोण ऐकवणार? फोटो तर फोटो.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं. गावातल्या महादेवाचा सभामंडप काळ्या दगडाचा, हेमाडपंती, इतका बुटका की उंच माणसाला देवाच्या आधी दरवाज्यालाच वाकावं लागतं. तो पाडून सिमेंटचा मोठा हॉल बांधायचा घाट गावानं घातला, आणि कमिटीचे अध्यक्ष आमचे अप्पाच. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. पावसात मंडप गळायचा, सप्ताहात बायका बाहेर उन्हात बसायच्या. तरी माझा जीव तुटत होता. लोकांच्या गावची देवळं जपत हिंडायचं आणि आपल्या गावचं पडताना बघायचं, याचा मला मनस्वी राग यायचा.

पाडावं की नाही, हे विचारायला अप्पा तुळजापूरला जाऊन आले होते. देवीच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, हललाच नाही तर थांबा. अप्पांच्या हाताखाली तो हलला नाही. कमिटी थांबली, पण तिची चुळबुळ काही थांबेना.

उन्हाळ्यात मी ऑफिसचं मशीन मागून आणलं. मंडप राहो न राहो, नोंद तरी राहील, एवढाच विचार होता. अप्पांनी आधी तिपाईला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि कोपऱ्यातल्या खांबाला पाठ टेकून बसले. ती त्यांची रोजची जागा. पाठी टेकून टेकून तिथला दगड गुळगुळीत झालेला.

"अप्पा, जरा बाहेर बसा की."

"तुझं चालू दे. म्या काय आडवा येत न्हाय. हितं गार लागतंय."

थोड्याच वेळात ते घोरायला लागले. मी सगळा मंडप टिपला आणि तेवढा खांब दुसऱ्या दिवसावर टाकला. पण सकाळीच ऑफिसचा फोन आला, आणि मशीन घेऊन मला पुण्याला परतावं लागलं. त्या गडबडीत खांबाचं विसरूनच गेले.

पुढच्या खेपेला कमिटीला लॅपटॉपवर मंडप दाखवला. छिन्नीचे घावसुद्धा दिसत होते. लोक खूश, मी त्याहून खूश. तेवढ्यात अप्पा उठले.

"मग आता अडलंय कुठं? सगळं मशिनीत राखून ठिवलंय. आता पाडाया हरकत न्हाय. देवाला बी बोलाया जागा न्हाय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. भूमिपूजनासाठी तेरखेड्याहून फटाकेसुद्धा आले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माझ्याच मशीननं मंडपाच्या मुळावर घाव घातला होता, आणि मला रडू येत होतं.

संध्याकाळी रागारागात ठिपके साफ करायला बसले. मशीनपुढून गेलेली माणसं, कुत्री, सगळं पुसावं लागतं. चालत्या माणसाचे ठिपके विस्कटलेले असतात. अप्पा मात्र झोपेत जराही हलले नव्हते, टोपीसकट स्वच्छ उमटले होते. मी त्यांना पुसलं. खांबाला त्यांच्याच आकाराचं भोक पडलं. लेझर माणसाच्या आरपार जात नाही. त्यांच्या पाठीमागचा दगड मशीनला दिसलाच नव्हता.

मी अप्पांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला.

"ही माझी पाठ व्हय?"

"तुमच्या पाठीमागचा दगड. तेवढाच राहिलाय."

ते जवळ सरकले. बोटानं स्क्रीनवरची ती जागा चाचपली. "माझा बा हितंच टेकायचा," एवढं बोलून जेवायला उठले.

सकाळी त्यांनी कमिटीला सांगितलं, "एक खांब मशिनीत यायचा ऱ्हायलाय. सगळं आल्याबिगर टिकाव लावायचा न्हाय." कमिटीला ते पटलं. पोरीला मशीन घेऊन बोलवा, असं ठरलं.

मी मशीन घेऊन आले, तर अप्पा त्याच खांबाला टेकून बसलेले.

"उठा अप्पा, थोड्या वेळाचं काम आहे."

"आज पाठ लई दुखतीय. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशीही पाठ दुखतच होती. कमिटीतले लोक डोकावून जात होते, पण अध्यक्षाला दंडाला धरून उठवणार कोण? शेवटी माझाच पारा चढला.

"पाडायचं नसेल तर सरळ सांगा की त्यांना!"

"अन् गावाला दिलेला शब्द? आता माघार घिऊ व्हय?"

"मग उठा तरी."

अप्पांनी पाठ आणखी नीट टेकली आणि डोळे मिटले. "चिंतामणी हालला न्हाय," ते म्हणाले, "मग म्या कशाला हालू?"

मी तिपाई मिटवली. बाहेर कमिटीची माणसं पारावर बसून होती. त्यांतल्या एकानं विचारलं, "झालं का, ताई?"

"न्हाय ओ," मी म्हटलं, "अप्पांची पाठ लई दुखतीय."