त्या बाटलीत बेरियम होतं

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. निवृत्तीच्या निरोप समारंभात माझ्या हातून किती मुलं घडली हे लोक सांगत होते, तेव्हाही मी मान खाली घालून गळ्यातला हार सांभाळत बसलो.

देगलूरला ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो. बारावीच्या प्रात्यक्षिकात क्षार ओळखायला देतात. आमच्याकडची रीत अशी, की प्रयोगशाळेतले मामा टेबलाटेबलावर फिरून क्षाराचं नाव कानात सांगायचे. निरीक्षणं मुलांना पाठच असायची, ती उतरवायची. ही रीत मामांची नव्हती, आम्हा शिक्षकांची होती. तिच्याच जोरावर आम्ही चौकात शंभर टक्के निकालाचे फलक लावत होतो.

त्या वर्षी स्ट्रॉन्शियम क्लोराईडची बाटली संपली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ती घाईत भरली, पण चुकून बेरियम क्लोराईडने. दोन्ही पांढरे, दिसायला सारखे. ज्योतीत धरलं तरच फरक कळतो: स्ट्रॉन्शियमची ज्योत लालभडक, बेरियमची पोपटी.

आठ जणांना त्या बाटलीतला क्षार आला. सात जणांनी 'ज्योत लाल' लिहिलं. त्यांच्यातल्या एकानेही बर्नर पेटवला नव्हता. राहिली एक, बाजारातल्या किराणा दुकानदाराची मुलगी. मामांनी नाव सांगूनही तिने तारेला क्षार लावून ती ज्योतीत धरली, मग द्रावणात पोटॅशियम क्रोमेट घातलं आणि बेरियम लिहिलं.

बाहेरगावच्या परीक्षकांनी कुणाला कोणता क्षार दिला त्याची यादी पाहून तिच्या उत्तरावर काट मारली. ती माझ्याकडे आली.

"सर, ज्योत हिरवी आली हो. तुम्हीच येऊन बघा."

मी गेलो नाही. तिच्या हातातल्या नळीच्या तळाशी बसलेला पिवळा साका मला उभ्या जागेवरून दिसत होता. तो बेरियमचाच. पण खरं बोललो असतो तर सात उत्तरपत्रिका खोट्या ठरल्या असत्या. मी म्हणालो, "तार नीट धुतली नसशील."

मामा हसले. "सांगितलेलं ऐकायचं न्हाई, अन् वर सरांनाच शिकवून राहिली."

वडिलांनी तिला बजावलं होतं, रसायनशास्त्रात चांगले गुण पडले तरच लातूरला बी.एस्सी.ला पाठवीन. गुण पडले नाहीत. ऐकून खोटं लिहिणारे सातही जण पुढे गेले. त्या खोलीत खरोखर प्रयोग केला तो एकटीने, आणि घरी बसवलं तिलाच. हे करणारा माणूस रोज फळ्यावर 'निरीक्षण' हा शब्द लिहून खाली दोन रेघा ओढायचा. आजही माझा मलाच संताप येतो.

गेल्या महिन्यात नांदेडहून देगलूरला गेलो. दुकानात आता तीच बसते. तिने लगेच ओळखलं, बसायला स्टूल दिलं. मी तुरटी मागितली. खडा कागदात बांधता बांधता ती शांतपणे म्हणाली,

"सर, तार मी ॲसिडमध्ये दोनदा धुतली होती."

मी मान हलवली, पुडी घेतली आणि पायरी उतरलो. नांदेडच्या बसमध्ये बसल्यावर शब्द तोंडात आले: पोरी, बाटली मी भरली होती. ज्योत हिरवीच होती. माझं चुकलं, मला माफ कर.